सुईतून करंट सोडला की लिव्हरमधली गाठ मरते कशी?

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात वायरमन आहे. वडील ६१ वर्षांचे. हिपॅटायटिस बी जुना, त्यातून सिरोसिस, आणि आता लिव्हरच्या उजव्या भागात २.६ सेंटीमीटरची कॅन्सरची गाठ निघाली. पोटात पाणी नाही, कावीळ नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी आरएफ ॲब्लेशन सुचवलं: सुई घालून करंट सोडायचा आणि गाठ जागेवरच मारायची. दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी पाहून सांगितलं, गाठ मोठ्या शिरेला लागून आहे, नॅनोनाइफचाही (विजेच्या छोट्या झटक्यांनी गाठ मारण्याची पद्धत) विचार करा. बॅटरीच्या डीसी करंटनेही लिव्हरची गाठ मारता येते असं कुठेतरी वाचलं. आई म्हणते, जन्मभर लोकांना शॉकपासून वाचवलंस आणि आता बापाला करंट देणार का? पेशी नेमकी मरते कशी, मेलेला भाग आत राहिला तर विष होतं का, आणि यातलं काय निवडायचं?
एक वाचक, सोलापूर

उत्तर: आईंच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण ती रास्त आहे. आपल्या लाइनचा पुरवठा ५० हर्ट्झचा असतो. त्या वेगाने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला नसा आणि स्नायू लगेच दाद देतात, म्हणून हात आखडतो, हृदयाचा ताल बिघडतो. आरएफ जनरेटर चालतो साधारण ३७५ ते ५०० किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला चार-पाच लाख आवर्तनं. इतक्या जलद उलटसुलट होणाऱ्या प्रवाहाला नस प्रतिसाद देऊच शकत नाही. त्यामुळे वडिलांना शॉक बसत नाही. प्रवाह अंगातून जातो आणि मांड्यांवर चिकटवलेल्या पॅडमधून जनरेटरकडे परततो. सर्किट पूर्ण झाल्याशिवाय काही होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

सुई स्वतः तापून गाठ जाळते असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो चुकीचा आहे. पेशींच्या आतबाहेर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडचे आयन असतात. प्रवाहाची दिशा बदलली की ते इकडून तिकडे ओढले जातात, सेकंदाला लाखो वेळा, आणि त्या घर्षणातून मांसच तापतं. तुमच्या भाषेत, रोधक म्हणजे लिव्हर, आणि उष्णता तिथेच तयार होते. मात्र ती तयार होते फार थोड्या जागेत. सुईच्या टोकापासूनचं अंतर दुप्पट झालं की प्रवाहाची घनता चौथ्या हिश्श्यावर येते आणि उष्णता घनतेच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे सोळाव्या हिश्श्यावर. करंटचा थेट ताप सुईभोवती काही मिलिमीटरपुरताच. पुढचं सगळं काम उष्णता एका थरातून दुसऱ्या थरात झिरपून होतं, आणि त्याला वेळ लागतो.

पेशी मरते ती तापमान आणि वेळ या दोन्हींच्या हिशेबाने. ४६ अंशांवर कायमचं नुकसान व्हायला तासभर लागतो. ५० ते ५२ अंशांवर चार ते सहा मिनिटं पुरतात. ६० अंशांच्या वर पेशीतली प्रथिनं जवळजवळ तत्काळ गोठतात: ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातली एन्झाइमं बंद पडतात, पेशीपटल फाटतं, बारीक रक्तवाहिन्या आतल्या आत गोठून बंद होतात. शंभर अंशांच्या पुढे मात्र मांसातलं पाणी उकळतं, वाफ होते, सुईभोवती कोळसा धरतो. कोळसा आणि वाफ दोन्ही वीज वाहू देत नाहीत. रोध एकदम चढतो, जनरेटर प्रवाह कमी करतो किंवा थांबवतो, आणि बाहेरची कड अर्धवट राहते. तवा फार तापवला की भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसंच हे. म्हणून अनेक सुयांच्या आतून गार पाणी फिरवतात आणि जनरेटर रोध मोजत प्रवाह कमीजास्त करतो. गार टोकाच्या एका सुईला एका जागी साधारण १२ मिनिटं देतात. ‘लवकर उरकलं’ ही इथे आनंदाची बातमी नसते.

मेलेल्या भागाच्या कडेला एक अर्धवट पट्टा असतो. तिथे तापमान ४५-५० च्या आसपास गेलेलं असतं. काही पेशी तिथल्या तिथे मरतात, काही जखमी होऊन पुढच्या तासांत आणि दिवसांत स्वतःचाच मरणाचा कार्यक्रम चालू करतात (याला ॲपॉप्टोसिस म्हणतात), आणि काही वाचतात. गाठ पुन्हा उगवते ती याच पट्ट्यातून. मधोमध किती कडक जाळलं याला महत्त्व नाही, कडेला काय उरलं याला आहे. म्हणूनच डॉक्टर गाठीभोवती सर्व बाजूंनी किमान अर्धा, शक्यतो एक सेंटीमीटर निरोगी लिव्हरही मारतात. हिशेब करून पाहा. २.६ सेंटीमीटरचा गोळा म्हणजे सुमारे ९ मिलिलिटर. अर्धा सेंटीमीटर मार्जिन धरलं तर गोळा ३.६ सेंटीमीटरचा होतो, म्हणजे २४ मिलिलिटर. पूर्ण एक सेंटीमीटर धरलं तर ४.६, म्हणजे ५१ मिलिलिटर. गाठीच्या साडेपाच पट! एका सुईने एका वेळी साधारण तीनेक सेंटीमीटरचा गोळा होतो. तेव्हा तुमच्या वडिलांना सुई दोनतीनदा जागा बदलून घालावी लागेल किंवा एकदम अनेक सुया लागतील. डॉक्टरांना नक्की विचारा: किती सुया, किती जागा, आणि मार्जिन किती धरलंय?

आता शिरेचा प्रश्न. तीन मिलिमीटरपेक्षा जाड शिरेतून ३७ अंशांचं रक्त सतत वाहतं आणि शेजारची उष्णता घेऊन जातं. गाठीची शिरेकडची बाजू ६० अंशांपर्यंत पोचतच नाही. सीटीवर गोळा छान दिसतो, पण शिरेला चिकटून चंद्रकोरीएवढा जिवंत भाग राहू शकतो. दुसऱ्या डॉक्टरांनी नॅनोनाइफचं नाव घेतलं ते या कारणाने. ते पहिल्यांना खोडून काढत नाहीत, वेगळ्या अडचणीकडे बोट दाखवतायत.

नॅनोनाइफमध्ये पेशी मरते ती ताप देऊन नव्हे. गाठीच्या दोन्ही बाजूंना, एक ते दोन सेंटीमीटर अंतरावर, समांतर सुया घालतात आणि जोडीजोडीने त्यांच्यात उच्च दाबाचे अतिशय छोटे झटके देतात: सेंटीमीटरला साधारण १५०० व्होल्ट, एकेक झटका ७० ते १०० मायक्रोसेकंदांचा, एका जोडीला असे ७० ते ९० झटके. यंत्राची मर्यादा ३००० व्होल्ट आणि ५० अँपिअर. आकडे ऐकून घाबरू नका, ऊर्जा मोजा. १५०० व्होल्ट आणि ३० अँपिअर म्हणजे त्या क्षणी ४५ किलोवॅट, पण १०० मायक्रोसेकंदांचे ९० झटके मिळून चालू वेळ फक्त ९ मिलिसेकंद. एकूण सुमारे ४०५ जूल. आरएफमध्ये १०० वॅट १२ मिनिटं दिले तर ७२ हजार जूल. नॅनोनाइफमध्ये सुईला अगदी खेटून थोडं तापतं, पण मारण्याचं मुख्य काम ताप करत नाही.

मग कोण करतं? विद्युत क्षेत्र. लिव्हरची पेशी २० ते ३० मायक्रॉनची. सेंटीमीटरला १००० व्होल्ट म्हणजे एका मायक्रॉनला ०.१ व्होल्ट, म्हणजे एका पेशीच्या दोन टोकांत दोन-तीन व्होल्टचा फरक. पेशीच्या आतलं आणि बाहेरचं पाणी खारट, वीज वाहून नेणारं, त्यामुळे हा सगळा दाब पडतो पेशीपटलावर. ते जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचं. त्यावर एक व्होल्टच्या आसपास दाब आला की चरबीच्या थरात नॅनोमीटर मापाची छिद्रं पडतात. दाब कमी असेल तर ती पुन्हा बुजतात आणि पेशी सावरते. दाब पुरेसा असेल आणि झटके पुरेसे असतील तर बुजत नाहीत. कॅल्शियम आत घुसतो, पोटॅशियम बाहेर पडतो, पेशी पंप चालवून तोल सावरायला जाते आणि त्यात साठवलेलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपवून बसते. त्यानंतर काही पेशी फुगून फुटतात, काही तासाभराने, काही दिवसाभरात ॲपॉप्टोसिसने जातात. लिव्हरचा सांगाडा, म्हणजे कोलॅजनचं जाळं, मोठ्या शिरा आणि पित्तनलिकांची चौकट मात्र बरीचशी शाबूत राहते. वाहत्या रक्ताने ताप पळवला जात असेल, क्षेत्र तेवढं पळवलं जात नाही. दावालोस, मीर आणि रुबिन्स्की यांनी २००५ साली ही कल्पना मांडली, तिचं बळ हेच.

पण याची किंमत आहे. हे झटके एकदिश असतात आणि स्नायूंना जाणवतात, म्हणून पूर्ण भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध लागतं. झटका हृदयाच्या ठोक्याशी जुळवून, हृदय दाद देत नाही अशा क्षणी, द्यावा लागतो, त्यासाठी ईसीजी जोडलेला असतो. वडिलांना पेसमेकर असेल, ठोके अनियमित असतील किंवा फिट्सचा त्रास असेल तर आधीच सांगा, बहुधा ही पद्धत बाद होईल. सुया समांतर नसतील तर एका टोकाला क्षेत्र जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी पडतं, आणि कमी पडलेल्या बाजूला छिद्रं बुजून पेशी जगतात. झटके चालू असताना प्रवाह हळूहळू वाढायला हवा. तो वाढला म्हणजे पटलं उघडतायत. वाढलाच नाही तर मात्रा कमी पडली, आणि ५० अँपिअरच्या वर गेला तर यंत्र ट्रिप होतं. मेन्टेनन्सच्या माणसाला हे लगेच कळेल.

आमचं मत विचाराल तर, गाठ नुसती यकृत-शिरेला लागून आहे एवढ्यावरून थेट नॅनोनाइफकडे जाऊ नका. नॅनोनाइफचा खरा उपयोग गाठ मोठ्या पित्तनलिकांच्या मुळाशी असते तेव्हा. तिथे ताप दिला तर पित्तनलिका भाजून आक्रसते आणि महिन्यांनंतर कावीळ उभी राहते. शिरेशेजारच्या अडीच-पावणेतीन सेंटीमीटरच्या गाठीला मधला मार्ग आहे मायक्रोवेव्हचा. त्यात ९१५ मेगाहर्ट्झ किंवा २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याच्या रेणूंना घुसळतात, त्यामुळे मोठा भाग एकदम तापतो, कोळसा धरला तरी काम थांबत नाही, परतीचे पॅड लागत नाहीत, आणि रक्त ताप नेतं त्याहून जलद तो तयार होतो. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘गाठ यकृत-शिरेला लागून आहे की पित्तनलिकांच्या मुळाशी? मायक्रोवेव्ह शक्य आहे का?’ आणि एकदा लिव्हरच्या सर्जनचंही मत घ्या. एकच गाठ आहे, लिव्हर बऱ्यापैकी काम करतंय, तेव्हा कापून काढणं किंवा प्रत्यारोपण या वाटाही बोलून पाहायच्या असतात.

डीसीचं तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. स्वीडनच्या ब्योर्न नॉर्डेनस्ट्रॉम यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं, पुढे ऑस्ट्रेलियात ॲडलेडमध्ये लिव्हरवर प्रयोग झाले. डीसीने पेशी मरते ती रसायनाने. धन टोकाशी क्लोरीन आणि आम्ल तयार होतं, पीएच २ च्या आसपास उतरतो. ऋण टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे आणि अल्कली, पीएच १२ च्या आसपास चढतो. पाणी धन टोकाकडून ऋण टोकाकडे सरकतं, म्हणून एक बाजू सुकते आणि दुसरी सुजते. एवढ्या तीव्र आम्लात किंवा अल्कलीत प्रथिनं टिकत नाहीत, पेशी जागच्या जागी मरते. शिरेतलं रक्त याला फारसं अडवत नाही. मात्रा मोजतात कूलोंबमध्ये: १०० मिलिअँपिअर १००० सेकंद दिला तर १०० कूलोंब. अडचण वेळेची. मोठी गाठ मारायला तास लागतात. म्हणून ॲडलेडमध्ये दोन्ही एकत्र करून पाहिलं: आरएफच्या सुईलाच डीसीचं ऋण टोक जोडायचं, म्हणजे पाणी सुईकडे ओढलं जातं, मांस सुकत नाही, कोळसा उशिरा धरतो आणि गोळा मोठा होतो. डुकरांच्या लिव्हरवर ते चांगलं चाललं. पण तुमच्या वडिलांसाठी आज ही निवडायची पद्धत नाही. आणि कातडीवर पट्ट्या लावून ‘करंट थेरपीने गाठ विरघळवतो’ म्हणणारा कोणी भेटला तर एक पैसा देऊ नका. बाहेरून लावलेला तो करंट लिव्हरमधल्या गाठीवर एकवटतच नाही.

पुण्याला जाण्याआधी सोलापुरातच करून घेण्यासारख्या गोष्टी: प्लेटलेट, आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं ते), बिलिरुबिन, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरची खूण दाखवणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफीत पोटात पाणी आहे का ते. प्लेटलेट ५० हजारांच्या वर आणि आयएनआर दीडच्या आत असेल तर डॉक्टर निर्धास्त असतात. कमी असेल तर ते आधी कळलेलं बरं, नाहीतर तिथे जाऊन तारीख पुढे ढकलली जाते. सीटीची फिल्म नव्हे, सीडी किंवा पेन ड्राइव्ह घ्या. शिरेचं अंतर फिल्मवरून नीट मोजता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काढे, भस्मं, सगळं लिहून न्या, आणि कोणती गोळी कधी बंद करायची ते डॉक्टरच ठरवतील. हिपॅटायटिस बीची गोळी मात्र स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. पूर्वी पित्तनलिकेत स्टेंट टाकला असेल किंवा पित्तमार्गाचं ऑपरेशन झालं असेल तर ठासून सांगा, कारण मेलेल्या भागात आतड्यातले जंतू चढून गळू होण्याचा धोका अशांना फार जास्त. मांडीत, कंबरेत धातूची प्लेट असेल तर तेही सांगा. पॅड धातूवर येता कामा नये.

पॅडकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या म्हटलं तरी चालेल. ते दोन्ही मांड्यांवर, सुईपासून सारख्या अंतरावर, केस काढून, पूर्ण चिकटलेले हवेत. एक कड सुटली की परतीचा सगळा प्रवाह उरलेल्या जागेतून जातो आणि कातडी भाजते. आणखी एक गोष्ट तुम्हाला पटेल: गाठ आतड्याजवळ असेल तर मध्ये पाणी सोडून आतडं दूर ढकलतात. आरएफमध्ये ते सलाइन नसतं, ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) असतं, कारण सलाइन वीज वाहून नेतं.

मेलेल्या भागाचं विष होत नाही. तो आतच राहतो. शरीरातल्या भक्षक पेशी तो कडेकडेने खात जातात आणि महिन्यांत तो आक्रसून व्रणासारखा होतो. पहिले काही दिवस ३८ अंशांच्या आसपास ताप, थकवा, उजव्या खांद्यात दुखणं हे अपेक्षित आहे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको, सिरोसिसमध्ये किडनी आणि पोट दोन्ही बिघडवतात. थंडी वाजून ताप, आठवड्यानंतरही ताप, वाढती पोटदुखी, चक्कर, काळी शी किंवा कावीळ दिसली तर थांबू नका. सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावा. सुट्टी मिळाल्या मिळाल्या अडीचशे किलोमीटरचा प्रवास करू नका, दोन दिवस पुण्यातच नातेवाइकांकडे थांबा. रक्तस्राव झाला तर तो बहुधा सुरुवातीलाच कळतो.

चारेक आठवड्यांनी कॉन्ट्रास्टचं, धमनीची फेज (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाचे फोटो) असलेलं सीटी किंवा एमआरआय होईल. रिपोर्टवर ४ किंवा ४.५ सेंटीमीटरचा काळा गोळा लिहिलेला पाहून घरात रडारड होते, गाठ वाढली म्हणून. ती गाठ नसते, मारलेला भाग असतो, आणि तो गाठीपेक्षा मोठाच असायला हवा. भोवती पातळ, एकसारखी चकाकती कड असेल तर ती भाजल्याची सूज. एका बाजूला, विशेषतः शिरेकडे, जाड गुठळीसारखं चकाकत असेल तर तिथे जिवंत पेशी आहेत आणि लगेच दुसरा हप्ता द्यावा लागेल. लगेच सुईने तुकडा काढून तपासण्याचा आग्रह मात्र धरू नका. उष्णतेने जागच्या जागी गोठलेली पेशी नेहमीच्या रंगात सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतासारखी दिसू शकते. त्यानंतर सुरुवातीची दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्कॅन. ही गाठ मेली तरी सिरोसिसच्या लिव्हरमध्ये दुसरीकडे नवी उगवू शकते, तेव्हा स्कॅन चुकवायचा नाही.

खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेत ही नेमकी पद्धत बसते का ते आधी विचारा. आरएफ बसत असेल आणि नॅनोनाइफ नसेल, असंही होऊ शकतं.

जेवणात भाकरी, डाळ, अंडी, ताक चालू ठेवा, प्रथिनं तोडू नका. शेंगा चटणी आपल्याकडे ताटात असतेच. मीठ बेताचं घाला, आणि बुरशी आलेले, काळपट, कडवट दाणे निवडून फेकून द्या. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हिपॅटायटिस बी असलेल्या लिव्हरला कॅन्सरकडे ढकलतं, आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. हे घरातल्या सगळ्यांसाठी लागू.

आणि या आठवड्यात आई, तुम्ही, भावंडं, मुलं सगळ्यांची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी आहे का ते सांगणारी रक्ताची) तपासणी करून घ्या. ज्यांची निगेटिव्ह येईल आणि आधी लस झालेली नसेल त्यांना आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. ज्यांची पॉझिटिव्ह येईल त्यांना त्रास नसला तरी लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा.